ट्रॅक्टर हातात बसलेला, तरी कारच्या टेस्टला नापास का?

प्रश्न मानवत तालुक्यातल्या १९ वर्षांच्या एका मुलाचा आहे. थोडक्यात असा: “काका, आठवीपासून ट्रॅक्टर चालवतो. उसाची ट्रॉली अरुंद बोळातून मागं घ्यायची असली की गावातले लोक मलाच हाक मारतात. लर्निंग घरबसल्या निघालं, प्रश्न मल्टिसर्व्हिसवाल्या दोस्तानं सोडवले. मोटारसायकलचा आठ पहिल्या झटक्यात निघाला. कारला मात्र नापास. एचमध्ये, म्हणजे दांड्या रोवून केलेल्या एच अक्षराच्या वाटेत, मागं घेताना दांडी पडली आणि साहेब म्हणाले, तू बघतच नाहीस. माझ्यापेक्षा कच्ची पोरं पास झाली. आता नियम कसे शिकू, टेस्टची तयारी कशी करू? का एजंटच गाठावा लागतो?”

तुला ‘तू’च म्हणतो, माझा धाकटा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. लातूरला २४ वर्षं गाडी शिकवतोय. दरवर्षी सोयाबीन निघालं, घरात चार पैसे आले की तुझ्यासारखी ट्रॅक्टरवर वाढलेली पोरं माझ्याकडं येतात आणि त्यातली बरीचशी एचमध्येच अडकतात. त्याच आठवड्यात जन्मात कधी स्टेअरिंग न धरलेली एखादी अंगणवाडीताई त्याच एचमधून गाडी अलगद बाहेर काढते. पोरं हिरमुसतात. त्यांना वाटतं, साहेबानं मुद्दाम केलं. पण याचं खरं कारण तुझ्या कसबातच आहे.

दोन चाकांची ट्रॉली मागं घेताना तू काय करतोस ते आठव. ट्रॉलीचं शेपूट डावीकडं न्यायचं असेल तर स्टेअरिंग आधी उजवीकडं फिरवतोस. त्यानं ट्रॅक्टरची मागची बाजू उजवीकडं सरकते, हूक उजवीकडं ढकलला जातो आणि ट्रॉली आपल्या आसावर फिरून डावीकडं वळते. हे तू विचार करून करत नाहीस, हात आपोआप करतात. पाच-सहा वर्षांत ते रक्तात भिनलंय. कारला मात्र मागं हूक नाही. कारची मागची बाजू डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग डावीकडंच फिरवायचं. साधी गोष्ट आहे, पण घाई झाली, साहेब शेजारी उभे राहिले, छाती धडधडली की माणूस जुन्या सवयीकडं पळतो. तुझ्या हातांनी त्या क्षणी ट्रॉली मागं घेतली. कारला ट्रॉली नव्हती, म्हणून दांडी पडली. त्या ताईंच्या हातांना असली कुठलीच जुनी सवय नव्हती, म्हणून त्यांचं काम सोपं झालं.

आणखी काही गोष्टी ट्रॅक्टरवरून तुझ्याबरोबर आल्या असणार. ट्रॅक्टरवर तू मधोमध आणि मागच्या आसाच्या जवळ बसतोस. पुढची दोन्ही चाकं डोळ्यांना दिसतात. कारमध्ये तू उजवीकडं बसलेला असतोस, एकही चाक दिसत नाही आणि डावी बाजू तुझ्यापासून लांब असते. त्यामुळं ट्रॅक्टरवाल्यांची कार बहुतेक वेळा डावीकडं घासते. दुसरी गोष्ट ब्रेकची. ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन ब्रेक. रानात नांगराची ओळ संपली की एकच दाबून तू जागच्या जागी वळतोस. (सडकेवर येताना ते दोन्ही पट्टीनं जोडायचे असतात. जोडत नसशील तर आजपासून जोड. भरल्या ट्रॉलीला वेगात एकाच चाकाचा ब्रेक लागला की ट्रॅक्टर आडवा होतो.) शिवाय हातानं ॲक्सिलेटर लावून ठेवायची सवय. कारमध्ये उजवा पाय एकच आणि कामं दोन. टाच जमिनीवर टेकवून पंजा ब्रेकवरून ॲक्सिलेटरवर फिरवायचा. आणि गिअर टाकून झाला की डावा पाय क्लचवरून खाली काढायचा. तू काढत नसशील, हे मी न बघता सांगतो.

आता साहेबांचं वाक्य. “तू बघतच नाहीस.” तुला ते लागलं असेल, कारण तुझी नजर तर घारीची आहे. ट्रॅक्टरला खांब नाही, काच नाही. नुसती मान वळवली की चारी दिशा मोकळ्या. कारमध्ये छत आहे, खांब आहेत, मागच्या सीटची पाठ आहे. तीन आरसे आहेत, पण तिन्ही मिळूनही सगळं दाखवत नाहीत. उजव्या दरवाजाच्या थोडं मागं चालणारी मोटारसायकल कुठल्याच आरशात दिसत नाही. तिथं खांद्यावरून मान वळवावी लागते. टेस्टला मोटार वाहन निरीक्षक बघतात ते हेच: निघण्याआधी मान वळली का, वळण्याआधी आरशात नजर गेली का, इशारा आधी दिला का वळायला लागल्यावर दिला. नुसते डोळे फिरवलेस तर समोरच्याला ते कळत नाही. मान फिरली की कळतं. मी पोरांना सांगतो, हातापायांची परीक्षा नव्हेच ही, मानेची परीक्षा आहे. तुझे हातपाय पास आहेत, मान तयार करायची आहे.

तुला एक कडू गोष्ट सांगणं भाग आहे. लर्निंगचे प्रश्न दोस्तानं सोडवले ते चुकलं. पंधरा प्रश्न आणि त्यातले नऊ बरोबर, एवढीच तर ती परीक्षा. २०२१पासून आपल्या राज्यात ती आधारवर घरबसल्या देता येते, आरटीओत हेलपाटा नको म्हणून. सोय चांगली आहे. पण त्या पंधरा प्रश्नांच्या निमित्तानं माणूस एकदा तरी नियम वाचतो, आणि तुझं ते एकदाचं वाचणंही राहून गेलं. आज १९व्या वर्षी तुला पक्कं लायसन्स मिळालं तर ते वयाच्या ४०व्या वर्षापर्यंत चालेल. म्हणजे या टेस्टनंतर पुढची एकवीस वर्षं तुझं चालवणं कुणी बसून तपासणार नाही. जे शिकायचं ते आत्ताच.

नियम पाठ करायला बसू नकोस, तू कंटाळशील. आकारापासून सुरुवात कर. गोल पाटी हुकूम देते, त्रिकोणी पाटी सावध करते, चौकोनी पाटी माहिती देते. लाल कडेचा गोल म्हणजे बहुतेक वेळा ‘करू नकोस’, निळा गोल आणि त्यात पांढरा बाण म्हणजे ‘असंच कर’. या सगळ्यांपेक्षा वेगळ्या दोनच पाट्या: ‘थांबा’ची अष्टकोनी आणि ‘रस्ता द्या’ची उलटी त्रिकोणी. त्यांचा आकार जगावेगळा ठेवलाय, कारण चिखलानं माखली, रंग उडाला, मागून दिसली तरी ती ओळखू यावी. निळ्या गोलावर लाल कड आणि एक तिरपी रेघ असेल तर पार्किंग नाही. माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबायचंच नाही. हा फरक लर्निंगच्या प्रश्नातही पोरं चुकतात आणि बाजारच्या दिवशी मोंढ्यातही.

रस्त्यावरच्या पट्ट्यांचं तसंच. तुटक पांढरी रेघ असेल तर पुढं मोकळं असताना ओलांडता येते. सलग रेघ ओलांडायची नाही. एक सलग आणि एक तुटक अशा जोडीनं असतील तर आपल्या बाजूची कोणती आहे ते बघायचं. आपल्याकडं सलग असेल तर समोरचा ओलांडू शकतो, आपण नाही. वळणावर, पुलावर, चढाच्या माथ्यावर ती सलग का झाली, याचा विचार कर. रस्ता बांधणाऱ्यानं तिथं उभं राहून बघितलेलं असतं की समोरचं दिसत नाही. तू पहिल्यांदाच त्या रस्त्यावरून जात असलास तरी त्याचे डोळे तुला उसने मिळतात.

पहिला मान कुणाचा, या प्रश्नावर टेस्टला तोंडी विचारतात आणि चांगली चांगली माणसं गडबडतात. सिग्नल नाही, पोलीस नाही, दोन्ही रस्ते सारखेच, तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. गोल चौकात जो आधीच आत फिरतोय त्याला. घाटात किंवा अरुंद चढावर खाली उतरणाऱ्यानं थांबायचं आणि वर चढणाऱ्याला वाट द्यायची, कारण भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलणं अवघड. कन्नडच्या घाटात ट्रकांची रांग बघितली असशील तर हा नियम कुणी समजावून सांगायची गरज नाही. झेब्र्यावर पाय ठेवलेल्या माणसाला आधी. ॲम्ब्युलन्सला, अग्निशमनच्या गाडीला सगळ्यांच्या आधी. आणि आपल्या तालुक्याच्या गावांत सिग्नल असला तरी पुष्कळ वेळ तो लुकलुकतच असतो, त्याचाही अर्थ आहे: पिवळा लुकलुकला तर हळू आणि जपून, लाल लुकलुकला तर पूर्ण थांबून, दोन्हीकडं बघून मग पुढं.

हातानं द्यायचे इशारे मात्र मनापासून शिक. कारमध्ये इंडिकेटर आहे म्हणून पोरं ते सोडून देतात. तुझ्या ट्रॅक्टरचा इंडिकेटर किती दिवस चालू असतो, तूच सांग. उजवा हात आडवा, तळवा पुढं: उजवीकडं वळतोय. उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट गोल फिरवला: डावीकडं वळतोय. तळवा खाली करून हात वरखाली: वेग कमी करतोय. कोपरात वाकवून हात उभा, तळवा बाहेर: थांबतोय. अंगणात खुर्चीवर बसून दहा वेळा कर. आईला विचार, कळलं का मी काय सांगतोय. तिला कळलं तर मागच्या ट्रकवाल्याला कळेल.

हे सगळं पक्कं करायचा माझा एक जुना उपाय आहे आणि त्याला तिकिटाखेरीज काही लागत नाही. मानवतहून परभणीला एसटीनं जा, दाराजवळची पुढची सीट पकड. जाईपर्यंत दिसेल ती पाटी, पट्टी, चौक, शाळा, स्पीड ब्रेकर मनात बोलत जा. त्रिकोण, पुढं डावीकडं वळण. सलग रेघ, इथं ओव्हरटेक नाही. उजवीकडून बैलगाडी येतेय, चालक आता काय करील? आणि मग चालकाचा पाय कधी उचलला गेला ते बघ. एसटीचा मुरलेला चालक ब्रेक दाबायच्या कितीतरी आधी ॲक्सिलेटर सोडतो. दोन-तीन फेऱ्यांत तुला कळेल की तो गाडीच्या नाकासमोर बघतच नाही, दोन शेतं पलीकडचं बघतो. येताना हेच मोठ्यानं बोलता आलं तर उत्तम. लोक बघतील, बघू दे.

आता एच. सराव सडकेवर नको. सुट्टीच्या दिवशी शाळेचं मैदान, मोंढ्याचं पटांगण, कुणाचं मोठं खळं, परवानगी घेऊन. शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस हवाच. गाडीच्या पुढं-मागं ‘एल’ची पाटी हवी: १८ सेंटिमीटरची चौकोनी, पांढऱ्यावर लाल अक्षर. दांड्यांच्या जागी मी तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, रोवतो. लोखंडी पाइप लागला की गाडीला ओरखडा पडतो आणि पोरगं घाबरतं. तुराटी मोडते आणि आवाज येतो, तेवढा धडा पुरतो. गाडीच्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा राहील अशा दोन समांतर गल्ल्या कर, मधून एक आडवी गल्ली जोड. पहिले दोन दिवस तुराट्याही नकोत. नुसती गाडी सरळ मागं घे, पन्नास पावलं, सरळ. हे सोपं वाटतं आणि सरळ कुणालाच जात नाही.

मग वळण. मागं घेताना स्वतःशी एकच वाक्य: “जिकडं शेपूट, तिकडं स्टेअरिंग.” हे वाक्य मी ट्रॅक्टरवाल्या पोरांसाठीच केलंय. स्टेअरिंग फिरवण्याआधी मोठ्यानं म्हणायचं, मग फिरवायचं. चार-पाच दिवस हात भांडतील. जुनी सवय मोडत नसते, तिच्या शेजारी नवी बसवावी लागते. त्या दिवसांत ट्रॉली मागं घेणं बंद ठेव, घरच्यांना सांग, आठ दिवस दुसऱ्या कुणाला तरी बोलवा. एकदा कारची सवय वेगळी बसली की दोन्ही सुखानं नांदतात. माझ्याकडं असे कितीतरी आहेत.

गाडी हाफ क्लचवर मुंगीच्या चालीनं सोडायची. एचमध्ये ॲक्सिलेटरची गरज जवळजवळ पडत नाही. चाल जितकी हळू तितका हाताला वेळ जास्त. मान डाव्या खांद्यावरून मागच्या काचेत, मग डावा आरसा, मग उजवा, मग पुन्हा काच. आणि मागं वळताना पुढचा कोपरा उलट्या बाजूला फेकला जातो, हे विसरू नकोस. बहुतेकांचं शेपूट सुखरूप आत जातं आणि नाक दांडीला लागतं, कारण तोवर सगळं लक्ष मागं लागलेलं असतं. शंका आली तर थांब. थांबून बघितल्यानं दांडी पडत नाही.

चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलणं हा दुसरा अडथळा. आपला भाग सपाट, त्यामुळं पोरांना सराव नसतो. शेतातून सडकेकडं वर येणारी रपट असते ना, तिथं सडकेपासून चांगलं अलीकडं कर. हँडब्रेक ओढ, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोड; इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीचं नाक किंचित उचललं की पकडलं. आता थोडा ॲक्सिलेटर आणि हँडब्रेक खाली. गाडी बोटभरही मागं येता कामा नये. हे ज्या दिवशी दहापैकी दहा वेळा जमेल त्या दिवशी पुढं जा.

मोटारसायकलचा आठ निघालाय, त्यावर फार बोलत नाही. हेल्मेट मात्र आयएसआयचं घे आणि पट्टा लाव. नुसतं टाळूवर ठेवलेलं हेल्मेट तुझ्या आधी जमिनीवर पोचतं.

ड्रायव्हिंग स्कूल लावायची का, असं तू विचारलेलं नाहीस, पण लावलीस तर बरं. नियमानं स्कूलनं हलक्या गाडीसाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे १० तास द्यायचे असतात. सात दिवसांत शिकवतो म्हणणाऱ्याकडं जाऊ नकोस. तुला गाडी चालवायला कुणी शिकवायची गरज नाही. शेजारी बसून तुझी मान मोजणारा माणूस हवाय, आणि शिकवणाऱ्याच्या पायाखालीही ब्रेक असलेली गाडी.

तारखांचा हिशोब ठेव. नापास झाल्यावर सात दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झालास तर शेवटच्या टेस्टपासून ६० दिवस थांबावं लागतं. लर्निंगची मुदत सहा महिने. या तिन्हींचा मेळ घालून ‘सारथी’वर, म्हणजे लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, तारीख घे. घाईनं आठव्या दिवशी जाऊ नकोस. तीन आठवडे सराव कर, मग जा.

त्या दिवशी गाडीची कागदं, विमा आणि पीयूसी चालू आहेत का आदल्या रात्रीच बघ. दुसऱ्याची गाडी आणली आणि विमा संपलेला निघाला म्हणून परत गेलेली पोरं मी पाहिलीत. चप्पल घालून जाऊ नकोस, बूट घाल. आणि कार स्वतः एकट्यानं चालवत टेस्टला जाऊ नकोस! लर्निंगवर शेजारी लायसन्सवाला नसताना कार चालवणं हाच गुन्हा आहे, आणि तो करून तू साहेबांसमोर उभा राहतोस. बसल्यावर घाई करू नकोस. सीट पुढंमागं करून पाय पूर्ण पोचतो का बघ, तिन्ही आरसे हातानं हलवून लाव, आधीच बरोबर असले तरी. बेल्ट. गिअर न्यूट्रल आहे का ते हलवून बघ. इंजिन सुरू, गिअर, इंडिकेटर, आरसा, उजव्या खांद्यावरून मान, मग हँडब्रेक. हा क्रम रोज ट्रॅक्टरवर बसतानाही म्हण, तिथं निम्म्या गोष्टी नसल्या तरी. हाताला क्रम लागला की छाती धडधडली तरी तो सुटत नाही. तुझ्या आधीच्या दोघा-तिघांची टेस्ट लांबून नीट बघ. मैदान कुठं उतरतं, दांड्या कुठं जवळ आहेत ते कळतं. काही समजलं नाही तर विचार, “साहेब, इथून सुरू करू का?” विचारल्याबद्दल कुणी मार्क कापत नाही.

एजंट. अर्ज, फी, तारीख सगळं सारथीवर स्वतः करता येतं; तू फोन माझ्यापेक्षा चांगला चालवतोस. अर्ज भरण्यापुरती कुणाची मदत घेतलीस तर त्यात वावगं नाही. पण टेस्ट न देता पास करून देतो म्हणणाऱ्याला हात जोडून नको म्हण. हे सगळं मी असं जीव तोडून का सांगतोय, त्यालाही कारण आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडं एक मुलगा शिकला. हुशार, पहिल्या टेस्टला पास, एच तर चित्रासारखा काढला. त्यात कुठलीही लबाडी नव्हती. पाच महिन्यांनी, उसाच्या दिवसांत, रात्री साडेनऊला त्याची कार उभ्या ट्रॉलीवर मागून गेली. ट्रॉलीचा टायर फुटला होता, ती सडकेवरच उभी होती, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर. मुलगा वाचला. शेजारी बसलेल्या दोस्ताचा पाय गेला. मी दवाखान्यात गेलो तेव्हा तो मला एवढंच म्हणाला, “सर, दिसलीच नाही.” मी त्याला सगळं शिकवलं होतं, पण एकदाही रात्री बाहेर नेलं नव्हतं. टेस्ट दिवसा होते, म्हणून मीही दिवसाच शिकवत होतो. तेव्हापासून माझ्या हाताखालचा एकही विद्यार्थी एक संध्याकाळ आणि एक रात्र चालवल्याशिवाय मी सोडत नाही. त्याची वेगळी फी घेत नाही.

तो हिशोब तूही करून बघ. ताशी ६० वेगानं गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. दिसलं आणि पाय ब्रेकवर गेला, यातच तो सेकंद जातो. मग कोरड्या डांबरावर थांबायला आणखी वीसेक मीटर. म्हणजे सगळं सुरळीत असताना ३७ मीटर. समोरच्यासाठी डिपर केलास, म्हणजे दिव्यांचा झोत खाली घेतलास, की उजेड नीट पडतो तो तीस-चाळीस मीटरच. वेग ८० केलास तर थांबायला ५८ मीटर लागतात आणि उजेड तेवढाच राहतो. मधले वीस मीटर तू आंधळा चालवतोस. त्यामुळं समोरून गाडी येताना, डिपरवर असताना, पाय आधीच वर आलेला पाहिजे.

आपल्या भागाचं म्हणून आणखी थोडं, कारण हे प्रश्नसंचात नाही. सोयाबीन, तूर सडकेवर वाळत घातलेली असते. त्या दाण्यांवर ब्रेक मारला की चाक फिरायचं थांबतं आणि गाडी घसरतच राहते. लांबूनच वेग कमी कर. पहिल्या पावसात ट्रॅक्टरच्या चाकांनी रानातली काळी माती डांबरावर येते, ती साबणासारखी असते. साइडपट्टी खचून डांबराची कड वीतभर उंच झालेली असते. डावं चाक खाली उतरलंच तर झटक्यानं स्टेअरिंग ओढून वर चढवू नकोस, गाडी थेट समोरच्या वाहतुकीत जाते. वेग कमी करून, कड कमी उंच असेल तिथून हळू वर ये. दिवेलागणीला जनावरं घरी परततात आणि रोही (नीलगायी) बांध ओलांडून येतात. एक रोही आडवा गेला की मागं आणखी असतात, लगेच ॲक्सिलेटर दाबू नकोस. नवरात्रात तुळजापूरकडं आणि आषाढीच्या आधी पंढरपूरकडं चालणाऱ्यांच्या रांगा रात्रीही सडकेच्या कडेनं असतात.

तू आठवीत ट्रॅक्टर धरलास, त्यात तुझा दोष नाही. पण घरात धाकटा भाऊ असेल आणि तो आज सडकेवर ट्रॅक्टर काढत असेल तर वडिलांना हे वाचून दाखव. अल्पवयीन मुलानं सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लर्निंगसुद्धा मिळत नाही. २०१९पासून कायद्यात हे आहे. आणि तुझंही ऐक: ट्रॅक्टरसाठीसुद्धा हलक्या मोटार वाहनाचं हेच लायसन्स लागतं. म्हणजे या टेस्टला पास झालास की कारइतकाच तुझा ट्रॅक्टरही पहिल्यांदा कायद्यानं सडकेवर येईल.

म्हणून सरावाला सुरुवात करायच्या आधी एक काम कर. तुमच्या ट्रॉलीच्या मागच्या फळीला दोन्ही कोपऱ्यांपर्यंत लाल रिफ्लेक्टरची पट्टी लाव, उसाच्या वाढ्यांनी झाकली जाणार नाही अशी खाली. मग रात्री कार ट्रॉलीच्या शंभर पावलं मागं उभी कर, गड्याला तिचे दिवे लावायला सांग आणि कारजवळून स्वतः बघ, पट्टी दिसते का. दिसली की तुराट्या रोवायला घे.